गुणतालिकेची शेवटची ओळ

संक्रांतीच्या तिळाच्या वड्या डब्याच्या बुडाला चिकटायला लागल्या आणि चाकणच्या बाजारात कांद्याच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आली, की आमच्याकडे कबड्डीच्या लीगचा हंगाम सुरू होतो. हंगामाच्या आधी त्याचा फ्लेक्स येतो. परवा पहिल्या शिफ्टला जाताना कंपनीच्या बसमधून दिसलं, चौकात दोघं जण शिडीवर चढून तो बांधत होते. वर लीगचं नाव, मधे संघमालक, काळे चष्मे घातलेले, हात जोडलेले, आणि अगदी तळाला, चहावाल्याच्या छपरामागे अर्धे झाकले जातील असे, खेळाडू.

बसमध्ये माझ्या शेजारी बसणारा जाधव लातूरकडचा आहे. त्याला कबड्डीतलं फार कळत नाही, पण माझ्यातलं कळतं. त्यानं कोपरानं ढोसलं. "आली बगा तुमची लीग. औंदा तुमाला काईच टेन्शन नाई, राव."

मी हसलो. त्याचं काही चुकलं नव्हतं. यंदा मला खरोखरच टेन्शन नाही, आणि गेलं वर्षभर मला लाज वाटते आहे ती नेमकी याचीच.

आमच्या लहानपणी लीग नव्हती, जत्रा होत्या. गावोगावच्या जत्रांत कबड्डीच्या स्पर्धा व्हायच्या, त्या बाद पद्धतीच्या. हरलात की खेळ संपला. गुडघ्यावरची माती झटकायची, जत्रेतली शेव-रेवडी घ्यायची आणि टेम्पोत मागे पाय सोडून बसायचं. गाव येईपर्यंत पंचाला शिव्या घालून व्हायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला काही आठवायचं नाही. आम्ही अशा किती जत्रांतून पहिल्याच फेरीत घरी आलो, ते आज ग्रामदैवतालाही सांगता येणार नाही. बाद पद्धत मोठी दयाळू असते, हे मला फार उशिरा कळलं.

मग कंपन्या वाढल्या, जमिनी गेल्या, गावातल्या माणसांकडे कंत्राटं आली आणि कंत्राटदारांना संघ घ्यावेसे वाटू लागले. लीग आली. मंगल कार्यालयात खेळाडूंची बोली लागू लागली. मातीच्या जागी मॅट आली, पाठीवर नाव छापलेला टी-शर्ट आला, मोबाइलवर थेट प्रक्षेपण आलं. आणि आली साखळी पद्धत. प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं, गुण जमवायचे आणि वरच्या चौघांनी बाद फेरीत जायचं. साखळीत हरून घरी जाता येत नाही. शनिवारी हरलात तरी बुधवारी पुन्हा तोच टी-शर्ट घालून, त्याच लोकांसमोर, तसंच मांडीवर थाप मारत उतरायचं असतं. आणि मधल्या दिवसांत चौकात गुणतालिका टांगलेली असते.

त्या लीगच्या सुरुवातीच्या एका हंगामात मी एका संघाचा कर्णधार होतो. मालक मजूर पुरवणारे कंत्राटदार. त्यांनी संघाला आपल्या लेकीचं नाव दिलं होतं, स्वरा वॉरियर्स. ती बिचारी तेव्हा दुसरीत होती. हंगामभर तिचं नाव गुणतालिकेच्या शेवटच्या ओळीत लटकलं. आम्ही सगळे सामने हरलो. एकही वाचला नाही.

पहिला सामना हरलो तेव्हा मालकांनी मटणाची पंगत घातली. "व्हतं असं. पुढच्या येळी," म्हणाले. दुसऱ्या पराभवानंतर अंडाकरी होती. तिसऱ्यानंतर वडापाव. त्यानंतर मालक मैदानावर दिसेनासे झाले आणि आम्ही ज्याच्या-त्याच्या खिशातून खाऊ लागलो. संघाची घसरण मला आजही गुणांत आठवत नाही, जेवणात आठवते.

साखळीत एक नियम आहे. सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकानं हरलात, तर हरलेल्यालाही एक गुण मिळतो. नियम करणाऱ्याच्या मनात चांगलंच असणार. पण तो एक गुण हातात पडला की कसं वाटतं, हे त्यानं आम्हाला विचारायला हवं होतं. लग्नघरात जेवणं आटोपल्यावर आलेल्या माणसाला कुणी तरी भाताचं पातेलं खरवडून वाढावं, तसं वाटतं. हंगामाच्या शेवटी शेवटी आम्ही चारने किंवा पाचने हरलो की लोक टाळ्या वाजवू लागले. त्या टाळ्या मला हसण्यापेक्षा जास्त लागायच्या.

तेव्हाच्या हवेचा वास अजून नाकात आहे. उन्हं कलताना मॅटला येणारा रबराचा वास, मलमाचा, शेजारच्या शेडमधून येणारा गरम रंगाचा, आणि वाऱ्याची दिशा बदलली की कांद्याचा. आजही लाइनवर काम करताना तो रंगाचा वास आला, की वाटतं, आता नाणेफेक होणार.

हे सगळं विरून गेलं असतं. पण लीगला इतिहास हवा असतो आणि इतिहासाला विक्रम. आमचे निवेदक ढमाले सर शाळेत पीटी शिकवायचे. आवाज खणखणीत, स्मरणशक्ती त्याहून खणखणीत. दर हंगामाच्या पहिल्या सामन्याआधी ते माइकवर विक्रम सांगतात. सर्वाधिक चढाया, सर्वाधिक पकडी, सर्वाधिक विजेतेपदं. आणि शेवटी, लोक जागेवर सरसावून बसल्यावर, "या लीगच्या इतिहासात साखळी फेरीत एकही सामना न जिंकणारा एकमेव संघ, स्वरा वॉरियर्स, कर्णधार सुनील पवळे." मग हशा. सरांच्या मनात काही वाईट नसायचं. ते "एकमेव" हा शब्द मोठ्या प्रेमानं म्हणायचे.

कंपनीत सगळ्यांना ते पाठ झालं होतं. "पवळे, रेकॉर्ड सेफ आहे का यंदा?" असं कँटीनच्या रांगेत कुणी तरी विचारायचंच. माझं लग्न जमवताना सासऱ्यांनी मध्यस्थाला हळूच विचारलं होतं म्हणे, "तोच का हा?" बायको अजून ते हसत सांगते. मीही हसतो. चेष्टेवर हसणं हाही एक व्यायाम आहे आणि रोज केला की जमतो.

पण घरी एकटा असलो की मी वेगळा माणूस असायचो. लोक गुणतालिका वरून खाली वाचतात. मी खालून वर वाचायचो. तळाचा संघ कोणता, त्यानं एखादा तरी सामना जिंकला का, हेच मी शोधायचो. दर हंगामात एखादा संघ सुरुवातीला सारखा हरायचा आणि माझा जीव त्याच्यात गुंतायचा. तो हरावा, असाच हरत राहावा, शेवटपर्यंत हरावा, म्हणजे "एकमेव" हा शब्द तरी माझ्या नावामागून निघेल. मग एखाद्या संध्याकाळी तो संघ कसाबसा एक सामना जिंकायचा, पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारायची, आणि माझ्या तोंडातला घास फिरायचा. ज्यांची नावंही मला माहीत नव्हती अशा पोरांचं वाईट मी इतकी वर्षं चिंतत आलो.

गेल्या हंगामात तळाला जो संघ होता, त्यात मात्र एक नाव मला माहीत होतं. ओंकार, माझा भाचा.

माझी थोरली बहीण, आक्का, राजगुरुनगरच्या अलीकडे एका गावात दिलेली. ओंकार तिचा एकुलता. त्याला कबड्डी मी शिकवली. सुट्टीत मामाकडे आला की आमच्या खळ्यावर मी त्याला चढाईला पाठवायचो आणि डाव्या कोपऱ्यात दबा धरून त्याचा घोटा पकडायचो. घोटा हातात आला की दुसऱ्या हातानं स्वतःच्या मांडीवर थाप मारायचो. ती आमची खूण. तो धुळीत पालथा पडून हसत सुटायचा. "मामा, परत." मोठा झाल्यावर तो चढाईपटू झाला, मी शिकवलेल्या सगळ्या पकडी चुकवायला शिकला. एका जेसीबीच्या मालकानं त्याला बोलीत घेतलं तेव्हा आक्कानं गावभर पेढे वाटले.

तोवर लीग मोठी झाली होती. संघ वाढले होते आणि प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या, असं ठरलं होतं. म्हणजे हरायला जागा दुप्पट. ओंकारचा संघ हरू लागला आणि हरतच राहिला. कर्णधाराचा खांदा निखळला आणि कर्णधारपद ओंकारच्या गळ्यात पडलं. पहिल्या फेरीत एकही विजय नाही. दुसऱ्या फेरीतही नाही.

आक्काचा फोन यायचा. "पोरगं जेवत न्हाई रं. तू बोल ना त्येच्याशी. तुलाच म्हायती हाय ह्ये कसं असतं."

मी बोलायचो. "खेळात हार-जीत चालायचीच," असलं काही तरी. शब्द सगळे बरोबर असायचे. आणि फोन ठेवला की मी गुणतालिका उघडायचो. तळाची ओळ बघायचो. मग मोबाइलच्या काळ्या झालेल्या स्क्रीनवर दिसणारा स्वतःचा चेहरा मला बघवायचा नाही.

आक्कानं चपला सोडल्या. लेकाचा संघ एक सामना जिंकेपर्यंत पायात काही घालायचं नाही, असं तिनं ठरवलं. शेताच्या बांधावरून, खडी टाकलेल्या रस्त्यावरून, बाजारातून ती अनवाणी फिरू लागली. मी तिला म्हटलं, "आक्का, असला नवस असतो का? देवाला गूळ-खोबरं दे आणि सोडव."

"देवाला न्हाई बोलले मी," ती म्हणाली. "ओंक्याला बोलले."

साखळीतला शेवटचा सामना ओंकारच्या घरच्या मैदानावर होता. दाजींची सेकंड शिफ्ट होती, म्हणून आक्काबरोबर मी गेलो. आम्ही मॅटच्या अगदी कडेला प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. उन्हानं मुरूम तापलेला होता आणि आक्का एकदा हा पाय वर घ्यायची, एकदा तो. समोरचा संघ बाद फेरीत आधीच पोहोचलेला, त्यांना या सामन्याचं सोयरसुतक नव्हतं. आज जिंकता येईल, असं सगळ्या गावाला वाटत होतं. मलाही वाटत होतं. त्यामुळेच मी मोबाइल काढून तळाची ओळ पुन्हा एकदा पाहिली.

सामना शेवटपर्यंत अटीतटीचा झाला. शेवटची चढाई उरली तेव्हा ओंकारचा संघ एका गुणानं मागे होता. एक गडी मारला तर बरोबरी, दोन मारले तर विजय. ओंकार स्वतः निघाला. मध्यरेषेला हात लावून कपाळाला लावला आणि आत शिरला. उजवीकडच्या गड्याला त्याची बोटं लागली, सगळ्या मैदानानं पाहिलं. तिथूनच मागे फिरला असता तर बरोबरी होती. पण बरोबरीनं आईच्या पायात चपला येणार नव्हत्या. तो दुसऱ्या गड्यासाठी डावीकडे वळला, आणि डाव्या कोपऱ्यातल्या पोरानं, जमिनीला समांतर झेप घेत, त्याचा घोटा धरला. काय पकड होती. मी खळ्यावर शिकवायचो अगदी तशी.

आणि माझा हात माझ्या मांडीवर पडला. थाप वाजली.

गाव गप्प झालं होतं. त्या शांततेत तेवढाच एक आवाज झाला. ओंकार मध्यरेषेपासून हातभर अंतरावर पालथा पडला होता. आक्कानं माझ्याकडे वळून पाहिलं. आधी माझ्या हाताकडे, मग तोंडाकडे.

सवय आहे, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगून पाहिलं. आयुष्यभर कोपऱ्यात खेळलेल्या माणसाचा हात चांगली पकड पाहिली की मांडीवर जातोच. हे खरंही आहे. पण थाप पडली त्याच क्षणी छातीवरचं कसलं तरी ओझं उतरलं, श्वास खोल गेला, आणि मला बरं वाटलं. ते बरं वाटणं सवयीचं नव्हतं. माझा भाचा समोर मॅटवर तोंड खुपसून पडला होता, त्याची आई माझ्या शेजारी तापलेल्या मुरमावर अनवाणी पाय टेकून बसली होती, आणि मला बरं वाटत होतं. याला लाज हा शब्दसुद्धा अपुरा पडतो.

ढमाले सरांनी माइक उचलला. सामने आमच्यापेक्षा दुपटीहून जास्त, विजय एकही नाही. लीगच्या इतिहासातली साखळीतली सर्वांत खराब कामगिरी आता ओंकारच्या संघाच्या नावावर. ते "एकमेव" म्हणाले नाहीत. त्यांना त्याहून मोठा शब्द मिळाला होता.

ओंकार आमच्याकडे आला, आईच्या पाया पडला, मग माझ्या. "मामा, दुसऱ्या गड्याला जायला नको व्हतं का?" त्यानं विचारलं.

"बरोबर केलंस," मी म्हणालो. हे मात्र मी मनापासून म्हटलं होतं. पण त्या संध्याकाळी माझ्या तोंडून निघालेलं काहीच मला खरं वाटत नव्हतं.

मैदान ओसरल्यावर आक्काला मोटरसायकलवर घरी सोडलं. ती उतरली, पदर सारखा केला आणि फाटक उघडता उघडता म्हणाली, "सुटलास म्हनायचं तू."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो, सवयीचं सांगितलं असतं, कान धरले असते. ती फक्त जे होतं ते म्हणाली आणि आत जाऊन चुलीला लागली. पुढे दिवाळीत भाऊबीजेला तिनं नेहमीसारखं ओवाळलं, करंज्यांचा डबा बांधून दिला, बायकोची चौकशी केली. त्या वाक्याचा पुन्हा उल्लेख नाही. तिचे पाय मात्र मी पाहिले. टाचांना भेगा पडल्या होत्या आणि भेगांत काळी माती बसली होती.

माणसाला स्वतःच्या पराभवाची इतकी वर्षं लाज वाटावी आणि दुसऱ्याच्या पराभवानं ती धुऊन निघावी, हे गणित कुठल्या लीगनं घातलं, मला माहीत नाही. गुणतालिका तर साधी असते. कोणी तरी वर, कोणी तरी खाली. खाली कोणी तरी असणारच, तसा तिचा आकारच आहे. त्या ओळीत आपण नसावं एवढंच आपण मागतो आणि तिथे मग कोण असेल, हे विचारायचं टाळतो. मला ते टाळता आलं नाही, कारण त्या ओळीतलं पोर मीच खळ्यावर वाढवलं होतं.

काल हंगामाचा पहिला सामना होता, ओंकारच्याच मैदानावर. मालकानं त्याला कमी बोलीत का होईना, ठेवून घेतलं आहे. मी लवकर गेलो. ढमाले सर मंडपात माइकची वायर ओढत होते.

"सर, विक्रम सांगणार का आज?"

"सांगावेच लागतात. लोक वाट बघतात."

"शेवटचा पण?"

"त्याचीच जास्त बघतात."

"मग आमचंही नाव घ्या," मी म्हणालो. "आधी आमचं, मग त्यांचं. दोन संघ म्हणा."

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं मी गंमत करतो आहे. मग नाही वाटलं. "सुनीलराव, तुमचे सामने त्यांच्या निम्मेसुद्धा नव्हते. विक्रम एकाचाच असतो. दुसऱ्या नंबरचं कुणी ऐकत नाही." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "इतकी वर्षं ऐकून घेतलंत. आता मोकळे व्हा की."

मी मोकळा माणूस आहे, हे आता अधिकृत होतं. परत आलो तर आक्का येऊन बसली होती, गेल्या वर्षीच्याच जागी. माझ्यासाठी शेजारची खुर्ची तिनं पिशवी ठेवून धरली होती. पाय तसेच उघडे.

सर विक्रम सांगू लागले. चढाया, पकडी, विजेतेपदं. लोक सरसावून बसले. मग संघाचं नाव, मग "कर्णधार ओंकार". हशा झाला. इतकी वर्षं हा हशा मी मैदानात, बसमध्ये, कँटीनमध्ये ऐकला होता, पण तो बाहेरून किती मोठा ऐकू येतो ते मला माहीत नव्हतं. आक्का हलली नाही. समोर ओंकार बुटाची नाडी बांधत खाली वाकलेला होता, आणि बांधून झाल्यावरही तो वाकलेलाच राहिला.

सामना सुरू झाला. पहिली चढाई ओंकारची. त्यानं मध्यरेषेला हात लावला, कपाळाला लावला आणि आत गेला. पलीकडे डाव्या कोपऱ्यात कोणी तरी दबा धरून बसलं होतं. मी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर सगळा भार टाकून बसलो.

"हात काढ की भायेर," मैदानावरची नजर न हलवता आक्का म्हणाली. "टाळ्या वाजवाय लागतील."